सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या पेशंटची हार्ट तपासणी, संभाजीनगर: आमचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

आमच्या आक्काला सहा वर्षांपासून सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे, म्हणजे कातडी कडक होत जायचा आजार, थंडीत बोटं आधी पांढरीफटक पडतात मग निळी, आता तर भाकरी थापताना तळहात पूर्ण उघडत नाही तिचा. कातडी दिसते म्हणून सगळे कातडीचंच विचारतात, पण हाच आजार आत फुप्फुसात अन् हार्टमधे पण शिरतो हे आम्हाला लई उशिरा कळलं.

दिवाळीपासून तिला जिना चढला की दम लागायचा अन् रात्री छातीत धडधड. परभणीकडंच एका ठिकाणी टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी केली, पाच मिनिटात उरकला, रिपोर्टवर इएफ (हार्टच्या पंपिंगचा आकडा) ६० टक्के, नॉर्मल, अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. आजाराचं नाव सांगायला गेलो तर "ते स्किनचं आहे ना" म्हणून विषयच बंद केला. मला अजून त्या दिवसाचा राग येतो. संधिवाताच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघितला अन् म्हणाले एवढ्यावर भागत नाही, अन् या सेंटरला चिठ्ठी दिली.

जानेवारीत सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसनं गेलो. आक्काचे हात गाडीतच गारठले होते. इथल्या टेक्निशियन ताईंनी फाईल उघडली, आजाराचं नाव वाचलं अन् पहिलं काम काय केलं तर इको रूमचा एसी बंद केला. शाल दिली, जेलची बाटली गरम पाण्यात ठेवली. ऑक्सिजनचं मशीन बोटाला लावलं तर आकडाच येईना, मधेच ८१ दाखवलं, माझे तर हातपायच गळाले, तर त्या म्हणाल्या दादा घाबरू नका, थंडीनं बोटातल्या शिरा आखडल्यात, कानाच्या पाळीला लावू. तिथं ९६ आलं. रक्त घेताना पण आधी गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवली, एका टोचण्यात काम झालं, नाहीतर ताणलेल्या कातडीतून शीर सापडत नाही म्हणून तिला चार चार वेळा टोचलंय लोकांनी.

इको चाळीस मिनिटं चालला. डॉक्टरांनी स्क्रीन आक्काकडं वळवून सांगितलं की इएफ म्हणजे एका ठोक्याला हार्ट किती रक्त ढकलतं तेवढंच, या आजारात हार्टच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, स्नायूत जागोजागी व्रण पडतात, तरी इएफ बरेच दिवस चांगलाच दिसतो, म्हणून स्नायू किती आकसतो अन् ठोक्यानंतर नीट सैल होतो का ते वेगळं मोजावं लागतं. तिचा इएफ इथं पण ६० च आला, पण स्ट्रेन, म्हणजे स्नायू आकसण्याचं माप, कमी होता अन् हार्टभोवती थोडं पाणी. हार्टच्या उजव्या बाजूचं प्रेशर ठीक निघालं, ते बघणं लई गरजेचं, कारण या आजाराच्या शंभरातल्या साधारण ८ ते १२ जणांना फुप्फुसाच्या धमनीचं प्रेशर वाढतं. इकोवर फक्त संशय येतो, पक्कं करायला उजव्या बाजूनं कॅथेटर घालून मोजतात, आधी सरासरी प्रेशर २५ एमएम किंवा जास्त असलं तर वाढलेलं धरायचे, २०२२ च्या युरोपियन गाईडलाईनपासून २० च्या वर गेलं तरी धरतात.

रक्तात एनटी-प्रोबीएनपी केली, हार्टवर ताण आला की ती वाढते, आक्काची वाढलेली होती. मग २४ तासाचं होल्टर लावलं, म्हणजे दिवसरात्र ठोके नोंदवणारं अंगावरचं छोटं मशीन. सोबत वही देतात, त्रास झाला की वेळ लिहायची, आक्काला पेन धरता येत नाही म्हणून माझी भाची रात्रभर उशाशी बसली अन् तिनं लिहिलं "२.१० धडधड, ५ मिनिटं". रिपोर्टात बरोबर त्याच वेळेला हार्टच्या खालच्या कप्प्यातून येणारे जादा ठोके सापडले! साध्या इसीजीत दहा सेकंदाचंच दिसतं, त्यात हे कुठून येणार.

आणखी एक, कार्डियाक एमआरआय आमच्याकडं होत नाही, पुण्याला करा, हे त्यांनी सरळ सांगितलं, उगाच धरून ठेवलं नाही. डाय द्यायचा असतो अन् हा आजार किडनीला पण धरतो म्हणून आधी क्रिएटिनिन करायला लावलं. एमआरआयमधे स्नायूच्या मधल्या थरात व्रण दिसले, अन् मोठ्या धमन्या तपासल्या तर त्या मोकळ्या, म्हणजे ब्लॉकेज नाही, आजारानंच झालेलं आहे. आता हार्टवाले अन् संधिवातवाले दोघं डॉक्टर फोनवर बोलून औषधं ठरवतात.

एक स्टार कापला तो लिफ्ट नाही म्हणून. दम लागणारे पेशंट येतात अन् सेंटर दुसऱ्या मजल्यावर, आक्का दोनदा पायरीवर बसली. होल्टर परत द्यायला दुसऱ्या दिवशी जावंच लागतं, त्यामुळं बाहेरगावच्यांनी मुक्कामाचं धरूनच या, आम्ही मुकुंदवाडीला मावशीकडं राहिलो. रिपोर्टला पण संध्याकाळ झाली, गाडी चुकली, एसटीनं परभणीला पोचायला मध्यरात्र झाली.

दरवर्षी इको, एनटी-प्रोबीएनपी अन् फुप्फुसाची टेस्ट करायला सांगितलीय. आक्काला जादा ठोके आहेत म्हणून होल्टर मात्र जुलैतच परत आहे. तुम्ही जाणार असाल तर फोनवर नाव लावतानाच आजार सांगा, सकाळचा पहिला नंबर देतात अन् रूम आधीच गरम ठेवतात.