टॉवरशेजारचा लोरा गेटवे: सॉ फिल्टर घ्यावा की कॅव्हिटी?

निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागेत ओलाव्याचे सेन्सर लावले आहेत, त्यांचे संदेश लोरा या कमी विजेवरच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीने गोळा करणारा गेटवे घराच्या गच्चीवर आहे, आणि तरी दीड किलोमीटरवरच्या सेन्सरची पॅकेटं गळतात. समोर अर्ध्या किलोमीटरवर मोबाइलचा टॉवर. अशा वेळी बहुतेक जण आधी जास्त गेनचा अँटेना आणतात. दुखणं टॉवरचं असेल तर त्याने ते वाढतं, कारण नवा अँटेना सेन्सरसोबत टॉवरचा सिग्नलही जोरात आत आणतो. इथे फिल्टर लागतो, म्हणजे हवी ती वारंवारता जाऊ देऊन बाकीच्या अडवणारा भाग. तो कोणता, हा प्रश्न आपल्या देशात जरा अवघड आहे.

अवघड का, ते आकड्यांत बघू. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे, पुढे तो ८६८ पर्यंत वाढला. मोबाइल टॉवरचं प्रक्षेपण ८६९ ला सुरू होतं. मध्ये अंतर जेमतेम एक-दोन मेगाहर्ट्झ. आता टॉवर आपल्या दिशेने ६० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती, दर दहाला दहा पट) फेकतो असं धरा. अर्ध्या किलोमीटरवर, मध्ये आडकाठी नसेल तर, तो साधारण उणे २५ डीबीएमने आपल्या अँटेनाला मिळतो. लोरा गेटवे एसएफ-१२ वर, म्हणजे सर्वात संथ पण लांब पल्ल्याच्या सेटिंगवर, उणे १३७ च्या आसपासचं पॅकेट उचलू शकतो. म्हणजे नको असलेला सिग्नल हव्या असलेल्या सिग्नलच्या दहा हजार कोटी पटींहून मोठा. त्याने रिसीव्हरचा पहिला अ‍ॅम्प्लिफायरच दबतो, मग पुढची चिप कितीही हुशार असो.

कॉइल-कपॅसिटरचा घरगुती फिल्टर या कामातून आधीच बाद करा. एफएमचा १०० मेगाहर्ट्झ अडवायला तो उत्तम आहे. पण ८६६ ला तीन मेगाहर्ट्झची फट (सिग्नल जाऊ देणारा पट्टा) ठेवायची, तर सगळा खेळ रेझोनेटरच्या, म्हणजे एकाच वारंवारतेला घुमणाऱ्या भागाच्या, क्यूचा (घुमताना ऊर्जा किती कमी गळते, त्याचं माप). बाजारातल्या चांगल्या कॉइलचा क्यू ८० धरून चार रेझोनेटरचं गणित केलं, तर हव्या असलेल्या सिग्नलचेच सत्तरेक डेसिबल खाल्ले जातात. सिरॅमिक रेझोनेटरचा क्यू ४०० धरला तरी पंधरा-सोळा डेसिबल जातात. उरतात दोघे: सॉ आणि कॅव्हिटी.

सॉ (सरफेस अकूस्टिक वेव्ह, म्हणजे पृष्ठभागावरची ध्वनिलहर) फिल्टर ही मला मनापासून आवडणारी गोष्ट. पृष्ठभागावरून सरकणाऱ्या लहरींचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडलं, आणि १९६५ मध्ये व्हाइट आणि व्होल्टमर यांनी स्फटिकावर बोटांसारखे धातूचे पट्टे काढून त्या लहरी विजेने उठवून दाखवल्या. स्फटिकावर ही लहर सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास धावते, प्रकाशाच्या जवळजवळ लाखाव्या हिश्शाने. म्हणून हवेत ३५ सेंटिमीटरची लांबी तिथे साडेचार मायक्रॉनवर येते, आणि अख्खा फिल्टर तांदळाच्या दाण्याएवढा होतो. नुकसान दोन-तीन डेसिबल, किंमत किरकोळ.

मग सरळ हाच का घेऊ नये? दोन कारणं आहेत. पहिलं, गेटवे फक्त ऐकत नाही, उत्तरही पाठवतो. त्याचे २७ डीबीएम, म्हणजे अर्धा वॉट, अँटेनाच्या तारेत बसवलेल्या नाजूक सॉ फिल्टरमधून गेले तर तो निकामी होऊ शकतो. सॉ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेली डबी तर एकाच दिशेने चालते. सॉची खरी जागा गेटवेच्या आत, फक्त ऐकण्याच्या वाटेवर.

दुसरं कारण तापमान. साध्या सॉ फिल्टरची वारंवारता अंशामागे दहा लाखांत चाळीसेक भाग खाली सरकते. मे महिन्यात गच्चीवरची पेटी ६५ अंशांवर गेली, तर २५ अंशांच्या तुलनेत ८६६ वर जवळपास १.४ मेगाहर्ट्झचा फरक. फट खाली घसरते आणि आपलेच वरचे चॅनेल कापले जातात. आणि निफाडची थंडी तर सगळ्यांना ठाऊक आहे. पारा पाचवर आला की तीच फट ०.७ मेगाहर्ट्झ वर, टॉवरच्या अंगावर जाते. हे सरकणं पोटात घ्यायचं तर फट रुंद ठेवावी लागते, आणि इथे रुंदीला जागाच नाही. सिलिकाचा थर दिलेला तापमान-भरपाईचा सॉ बराच स्थिर असतो. घ्यायचाच तर तोच घ्या.

कॅव्हिटी फिल्टर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आत पाव तरंगलांबीचे, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपासचे दांडे, वर ट्यूनिंगचे स्क्रू. क्यू ३,००० धरा. चार दांडे, ८६४.५ ते ८६७.५ अशी फट: माझ्या हिशेबाने नुकसान दोन डेसिबल, ८७० ला अडवणूक सुमारे ३५ डेसिबल, ८७५ ला साठाच्या वर. वॉटभर शक्ती त्याला काहीच नाही, दोन्ही दिशांनी चालतो, अँटेना आणि गेटवेच्या मध्ये सरळ लागतो. तोटे: जड, महाग, हाताने ट्यून करावा लागतो, आणि सांधे नीट बंद नसतील तर पावसाळ्यात पाणी शिरतं. अ‍ॅल्युमिनियमही फुगतं, ४० अंशांना ०.८ मेगाहर्ट्झ सरकतं. म्हणून दांडे वेगळ्या धातूचे घेऊन भरपाई केली आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन डेसिबलही फुकट नाहीत. मोकळ्या रानात तेवढ्याने पल्ला पाचव्या हिश्शाने घटतो. म्हणून टॉवर दूर असेल तर बाहेरून काहीच लावू नका. बऱ्याच गेटवेंच्या आत सॉ असतोच. फक्त तो युरोपच्या ८६३ ते ८७० पट्ट्याचा नाही ना, हे बघा. ऑनलाइन '८६८' म्हणून मिळणारे पुष्कळ फिल्टर त्या पट्ट्याचे असतात, आणि ८६९ ते ८७० हा भाग, म्हणजे आपल्याकडच्या टॉवरचा पहिला मेगाहर्ट्झ, ते मोकळा सोडतात.

खरेदीआधी एक चाचणी करा. अँटेनाच्या तारेत सिग्नल दहा डेसिबलने घटवणारा अ‍ॅटेन्युएटर लावा. पॅकेटांचा एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, ते माप) जवळपास तितकाच राहिला किंवा सुधारला, तर रिसीव्हर दबत होता आणि फिल्टर कामाचा आहे. मात्र हा निकाल टॉवरचा गोंगाट थेट आपल्याच पट्ट्यात सांडत असला तरी येऊ शकतो. दुखणं टॉवरचंच आहे का, हे ओळखायला अँटेना टॉवरकडे पाठ करून घराच्या आडोशाला उतरवून बघा. टोलनाक्याजवळ असाल तर फास्टॅगचे रीडर याच ८६५ ते ८६७ मध्ये बोलतात. त्यावर कुठलाच फिल्टर चालणार नाही, चॅनेल किंवा जागा बदलावी लागेल.

माझा कौल: टॉवर किलोमीटरच्या आत आणि दिसत असेल तर कॅव्हिटी, नाहीतर आतला भरपाईचा सॉ. कॅव्हिटी बनवून घेताना मध्य ८६६ ऐवजी ८६५.५ सांगा. लोरावॅनचे (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कच्या नियमांचे) भारतासाठी ठरलेले तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ वर आहेत, आणि बाकीचे पाचही ८६६.६ च्या खाली बसवता येतात. त्या अर्ध्या मेगाहर्ट्झमुळे ८६९ ची अडवणूक २३ डेसिबलवरून २९ वर जाते, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.