अननस, संत्रं, कैरी की गुळांबा? बेक्ड चिकनच्या आंबट-गोड सॉसचा हिशेब

खारघरहून भाचीचा फोन. "मामा, रविवारी सासूबाईंचे भाऊ-भावजय जेवायला येतायत, मिळून आठ माणसं. ओटीजी ओव्हनमध्ये चिकन करणार आहे, वरून फळाचा आंबट-गोड सॉस. अननस आणू की संत्रं?"

मी विचारलं, "महिना कोणता चाललाय?"

ती हसली, पण मी चेष्टा करत नव्हतो. मार्च चालू आहे. नागपूरच्या मृग बहाराची संत्री अजून गाड्यांवर आहेत, कैरी नुकती दिसायला लागली आहे, हापूस आलाय पण पेटीचा भाव ऐकून माणूस पुढे चालायला लागतो. अननस बारा महिने असतो. म्हणजे या घडीला तिच्यासमोर सगळेच पर्याय उघडे आहेत, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. ठाण्यात नौपाड्याच्या माझ्या स्वयंपाकघरात अननस, संत्रं, कैरी आणि गुळांबा हे चारही प्रकार करून झाले आहेत. काही चांगले झाले, एक अक्षरशः टाकून द्यावा लागला.

चिकनची तयारी चौघांनाही सारखीच. फुल लेग घ्यावेत, किलोत साधारण चार बसतात. बोनलेस ब्रेस्टच्या वाटेला जाऊ नये, सॉस नीट धरेपर्यंत ते कोरडं पडतं. आपल्याकडे दुकानदार पिसांबरोबर कातडीही ओढून काढतो, त्यामुळे कातडीसकट हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. किलोला चहाचे दोन सपाट चमचे मीठ, आलं-लसूण, मिरपूड, थोडं तेल, आणि फ्रिजमध्ये निदान दोन तास. मग तापलेल्या ओटीजीत २०० अंशांवर २५ मिनिटं तसंच, बिनसॉसचं. सॉस त्यानंतर दोन थरांत लावायचा आणि आणखी १२ ते १५ मिनिटं ठेवायचं. साखर आणि गूळ या आचेत फार वेळ टिकत नाहीत. सुरुवातीलाच लावलं तर वरून कोळसा होतो आणि हाडापाशी लाल राहतं. थर्मामीटर असेल तर जाड भागात ७४ अंश हवेतच. तंगडी मी ८० च्या पुढे जाऊ देतो, तिथे ती हाडावरून सुटायला लागते.

आता अननस. याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आंबट आणि गोड दोन्ही त्याच्यातच असतं, त्यामुळे वरून फार काही घालावं लागत नाही. दोन वाट्या फोडी मिक्सरमधून काढायच्या, गाळायच्या नाहीत, आणि मध्यम आचेवर निम्म्या होईपर्यंत आटवायच्या. त्यात दोन चमचे गूळ, चमचाभर बेडगी तिखट, किसलेलं आलं, मीठ. १५ मिनिटांत सॉस चमच्याला चिकटतो. जांभळी नाक्यावर फळवाल्याकडून चिरून घेतलेला अननस चालतो, फक्त पिवळाधमक बघून घ्या. फिकट घेतला तर सॉस नुसता आंबट होतो.

पण अननसाची एक खोड आहे, आणि ती मला चांगली महागात पडली. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. मी एकदा हौसेने रस काढून चिकन त्यात रात्रभर मुरत ठेवलं. सकाळी बोट लावलं तर मांस शिजलेल्या रव्यासारखं सुटत होतं. भाजल्यावर तो चिकनचा हलवा झाला, आणि पाहुणे दारात. चूक सर्वस्वी माझी. कच्चा रस लावायचाच असेल तर वीस मिनिटं, घड्याळ लावून. शिजवलेल्या रसाची भीती नाही, उष्णतेने विकर निकामी होतं. डबाबंद अननसही त्याच कारणाने निरुपद्रवी आहे, फक्त तो पाकात असतो, म्हणून गूळ वगळायचा.

संत्रं नावाला सगळ्यात सोपं आणि प्रत्यक्षात सगळ्यात फसवं. परदेशी पाककृतींत "संत्र्याचा रस निम्मा आटवा" असं सर्रास लिहिलेलं असतं. नागपुरी संत्र्याचा रस तसा आटवून बघा. काढल्या काढल्या गोड लागलेला रस थोड्या वेळाने कडवट होतो, उकळला की आणखी. लिंबूवर्गीय फळांत चव नसलेला एक घटक असतो, रसाच्या आंबटपणात त्याचं कडू लिमोनिन बनतं. त्यातून गाडीवर संत्रं म्हणून किनू गळ्यात मारला असेल तर विचारूच नका, कडवटपणात तो पुढेच आहे. मग काय, मोसंबी? ती गोड असते, पण तिला आंबटपणाच नाही, लिंबू पिळावं लागतं, आणि मग खरा सॉस लिंबाचाच झाला.

तरी संत्र्याचा वास दुसऱ्या कशाला नाही, हे कबूल. तो हवा असेल तर उलटीकडून जायचं: साखर, थोडं व्हिनेगर, आलं आणि पाणी आधी आटवून पाक करायचा, गॅस बंद करून त्यात ताजा रस आणि सालीचा केशरी भाग किसून घालायचा. पांढरा भाग आला की कडू. हा सॉस पातळ राहतो, चिकनला फारसा धरत नाही, ताटात वरून ओतायला बरा. आठ जणांच्या जेवणात, शेवटच्या क्षणी हे सगळं कोण करणार?

कैरीबद्दल मी निःपक्षपाती राहू शकत नाही. आंबट-गोड फळाचं चटकदार काहीतरी म्हणून आपण जे शोधतो, ते आपल्या घरात मेथांबा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आहे. कैरीच्या फोडी, गूळ, मेथीदाणे, लाल तिखट. तो जरा पातळ करून घोटला की झाला सॉस. मेथीचा हलका कडवटपणा भाजलेल्या कातडीबरोबर फार छान लागतो. संत्र्याच्या कडवटपणासारखा तो घशाशी बसत नाही. दोन मध्यम कैऱ्या उकडून गर काढायचा, अर्धी वाटी गूळ, आणि चव बघत बघत पुढे जायचं, कारण मार्चची कैरी मेच्या कैरीपेक्षा कितीतरी आंबट असते. वेलची घालू नका, पन्हं होतं.

हापूसचा गर मात्र आचेवर चढवायचा नाही. उकळला की त्याचा वास उडतो आणि उरतं नुसतं गोड पिवळं काहीतरी. एवढे पैसे मोजून हे करणं पाप आहे. मे महिन्यात भाव उतरले की कैरीच्या तयार सॉसमध्ये, गॅस बंद केल्यावर, दोन चमचे गर मिसळा. पण ठाण्यात मे महिन्यात दुपारी ओटीजी लावून उभं राहणं ही वेगळीच शिक्षा आहे, तेव्हा सकाळी आठच्या आत आटपा.

राहिला चौथा, ज्याचं नाव तिने घेतलंच नव्हतं. जर्दाळूचा जॅम चिकनवर थापायची पद्धत बाहेर खूप आहे. आपल्याकडे त्या जागी गुळांबा आहे. गेल्या उन्हाळ्याची बरणी तळाशी थोडी उरलेली असतेच. चार चमचे गुळांबा, दोन चमचे पाणी, ठेचलेला लसूण, तिखट, थोडं व्हिनेगर. पाच मिनिटांचं काम, आणि चकाकी अशी येते की ताट ठेवल्यावर माणसं आधी बघतात. गोडी जास्त वाटली तर दोन आमसुलं भिजवून वाटून घाला, आमसुलाचा आंबटपणा वेगळा, खोल असतो. रंग काळपट होतो, त्याची तयारी ठेवा. आमसुलांऐवजी कोकमाचं आगळ वापरलं तर त्यात मीठ असतं, चिकनचं मीठ कमी करा. बरणी नसेल तर मात्र हा पर्याय बाद. दुकानी मिक्स फ्रूट जॅमने मुलं खूश होतात, मोठी माणसं नाहीत.

खर्चात फार फरक पडत नाही, अर्थात हापूस सोडून. पाहुण्यांसाठी अननस, कारण त्यात चुकायला जागा कमी. घरच्यांसाठी आणि चवीसाठी कैरी. आयत्या वेळी कोणी आलं तर गुळांबा. संत्रं सोलून जेवणानंतर खा.

कोणताही घेतलात तरी ट्रेला थेट ॲल्युमिनियम फॉइल लावू नका, या आंबट रसांनी त्याला बारीक भोकं पडतात आणि चिकनवर करडे डाग येतात. काचेचं भांडं बरं, नाहीतर स्टीलच्या ट्रेवर बटर पेपर. पंख्याच्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये आच २० अंशांनी कमी ठेवा. ओव्हनच नसेल तर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून चिकन शिजवा, शेवटी झाकण काढून सॉस आटवून घ्या. चव तीच, कातडी कुरकुरीत होणार नाही इतकंच.

भाचीला पुढचं गणित सांगितलं: तुझ्या लहान ओटीजीत एका वेळी चार-पाच लेग बसतील, म्हणजे आठ माणसांना दोन घाणे. पहिला घाणा सॉसशिवाय भाजून बाहेर काढ, दुसरा टाक, आणि दोन्हींना सॉस लावून शेवटची बारा-पंधरा मिनिटं पाहुणे सरबत पीत असताना पाळीपाळीने दे. सॉस दोन वाट्यांत काढ. अर्धवट भाजलेल्या चिकनला लागलेला ब्रश ज्या वाटीत बुडाला, ती टेबलावर जाणार नाही.

"मग अननसच," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "सासूबाईंकडे गुळांबा आहे का विचारू?"

"विचार. पण शनिवारी विचार," मी म्हटलं. "रविवारी विचारलंस तर त्या स्वतःच ओट्यापाशी येतील."