नायक्रोमच्या नावाखाली स्टीलची तार : कॉइल बांधणाऱ्यांसाठी सावधगिरीचा अनुभव

व्हेपची (ई-सिगारेटची) कॉइल, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ करणारी तारेची गुंडाळी, स्वतः बांधणाऱ्यांचा सगळा हिशेब तारेची जाडी आणि तिच्या मिश्रधातूची रोधकता (तो धातू विजेला किती अडवतो ते) या दोन आकड्यांवर उभा असतो. हे दोन्ही आकडे आपण बहुतेक वेळा रिळावरच्या चिठ्ठीवरून घेतो, त्यांवरून वेढे ठरवतो आणि बॅटरीवर किती भार पडेल याचा अंदाजही त्यांवरूनच बांधतो. ती चिठ्ठीच खोटी निघाली, तर पुढची सगळी आकडेमोड बिनचूक करूनही उत्तर चुकते. एका विक्रेत्याने मला ‘नायक्रोम ८०, २६ गेज, १० मीटर’ म्हणून जे रीळ दिले ते असेच होते. (नायक्रोम हा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू, आणि गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक.) वाफ ओढणे शरीराला कितपत अपायकारक आहे हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे; येथे केवळ तारेच्या फसवणुकीबद्दल लिहीत आहे.

आधी हिशेब सांगतो, कारण तो ठाऊक नसेल तर फसवणूक कुठे झाली हे कळणार नाही. अमेरिकन मापानुसार २६ गेजच्या तारेचा व्यास सुमारे ०.४०५ मिलिमीटर असतो. या जाडीच्या एक मीटर तारेचा रोध कॅन्थल ए-१ (लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) असेल तर ११.३ ओहम, नायक्रोम ८० असेल तर ८.५ ओहम आणि ३१६एल स्टेनलेस स्टील असेल तर साधारण ५.८ ओहम भरतो. तीन मिलिमीटर आतील व्यासाची, सहा वेढ्यांची कॉइल बांधली आणि दोन्ही टोकांसाठी मिळून एक सेंटिमीटर धरला, तर सुमारे साडेसात सेंटिमीटर तार लागते. म्हणजे नायक्रोमची एक कॉइल ०.६३ ओहमच्या आसपास आणि अशा दोन समांतर जोडल्या की ०.३१. आतील व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर तीच एकेरी कॉइल ०.७ ओहमच्या वर जाते. आत द्रव शोषणारा कापूस जास्त मावतो, पण तार जास्त लागत असल्याने तापायला थोडा उशीर लागतो. मला नायक्रोम हवी होती ती याच कारणासाठी की ती कॅन्थलपेक्षा लवकर तापते आणि त्याच वेळी रोध स्टीलइतका खाली उतरत नाही.

या मापाच्या दोन कॉइली बसवल्यावर उपकरणाच्या पडद्यावर ०.३१ ऐवजी ०.२२ ओहम दिसू लागले. स्क्रू सैल असेल तर रोध वाढतो, कमी होत नाही, त्यामुळे ती शंका लगेच बाद झाली. वेढे एकमेकांना चिकटून विजेचा मार्ग मधेच आखूड होत असेल तर रोध कमी दिसू शकतो. म्हणून कमी वॅटवर हलके तापवून, सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे मोकळे करून ते आतून बाहेरपर्यंत सारखे लाल होईतो पाहिले. कॉइल देखणी झाली होती, आकडा मात्र जागचा हलला नाही.

विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याचे पहिले उत्तर असे आले की साध्या मल्टिमीटरवर इतके कमी ओहम मोजताच येत नाहीत. हे उत्तर अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते फार उपयोगी पडते. मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो, त्यामुळे ०.३ ओहमची कॉइल त्यावर मोजणे व्यर्थ असते. पण अख्खी एक मीटर तार मोजली, आणि वायरींची टोके एकमेकांना लावून येणारा आकडा त्यातून वजा केला, तर ही अडचण उरतच नाही. मी तार टेबलाच्या कडेने ताणून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून बरोबर एक मीटर मोजली. रोध ५.९ ओहम आला. चिठ्ठीप्रमाणे तो साडेआठ यायला हवा होता. कारखान्याच्या मालात चार-पाच टक्के फरक पडणे समजू शकते. येथे तफावत तीस टक्क्यांची होती.

यावर दुसरे उत्तर आले : “साहेब, तुम्ही अमेरिकन गेज धरता आहात, आमची तार ब्रिटिश गेजची आहे.” हेही ऐकायला पटण्यासारखे होते, कारण दोन मापे खरोखरच वेगळी आहेत, ब्रिटिश मापात २६ गेज म्हणजे ०.४५७ मिलिमीटर. पण तेवढ्या जाडीची नायक्रोम असती तरी मीटरला ६.६ ओहम आले असते, ५.९ नव्हे. शिवाय मायक्रोमीटर लावून पाहिल्यावर जाडी ०.४० मिलिमीटरच निघाली. म्हणजे गेज चिठ्ठीप्रमाणेच होते, धातू दुसरा होता. जाडी आणि मीटरचा रोध हाताशी असले की रोधकता काढणे शाळेतल्या गणिताइतके सोपे असते. ०.४० मिलिमीटर व्यासाच्या तारेचा छेद ०.१२६ चौरस मिलिमीटर भरतो, त्याला ५.९ ने गुणले की ०.७४ येते. नायक्रोम ८० साठी हा आकडा सुमारे १.०९ असतो, कॅन्थल ए-१ साठी १.४५; ०.७४ हा स्टेनलेस स्टीलचा आकडा आहे.

आकड्यांवर विश्वास न ठेवणाऱ्यासाठी चुंबक आहे. कॅन्थलमध्ये लोह भरपूर असल्याने ती चुंबकाला झटकन चिकटते. नायक्रोम ८० मध्ये निकेल आणि क्रोमियमच असते आणि ती चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही. बारीक पण जोरदार चुंबक लोंबत्या टोकाजवळ नेल्यावर माझ्या रिळातली तार किंचित त्याच्याकडे झुकली. चिकटली नाही, पण झुकली. ओढून बारीक केलेल्या स्टेनलेस स्टीलचे वागणे बऱ्याचदा असेच असते. त्याहून खात्रीची परीक्षा उकळत्या पाण्याची आहे. मोजलेली मीटरभर तार सैल गुंडाळून पातेल्यात सोडली, टोके बाहेर ठेवली आणि पाणी उकळल्यावर पुन्हा मोजले तेव्हा ५.९ चे ६.३ झाले होते. नायक्रोमचा रोध तेवढ्या उष्णतेने एक टक्काही वाढत नाही. स्टीलचा मात्र तापमानाबरोबर ठळकपणे वाढतो आणि तापमान-नियंत्रणासाठी स्टील वापरतात ते याच गुणामुळे.

‘३१६एल स्टीलच्या कॉइली लोक वापरतातच की, मग बिघडले कुठे,’ असे कोणी म्हणेल. एक तर हे स्टील ३१६एलच आहे याची हमी कोण देणार? चिठ्ठीवर एक धातू लिहून दुसरा विकणाऱ्याने त्यातला बरा प्रकार निवडला असेल असे मानण्याचे कारण नाही, आणि घरच्या साधनांनी स्टीलचे प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. दुसरे असे की धातूनुसार तारेशी वागण्याची रीत बदलते. कॅन्थल आणि नायक्रोम लाल करून तपासता येतात. निकेल किंवा टायटेनियम तशी लाल करायची नसते. काय हातात आहे हेच ठाऊक नसेल तर ही काळजी घेता येत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र विजेचा आहे. माझे उपकरण चिप असलेले असल्याने त्याने रोध दाखवला आणि वॅट आवरले. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी त्याच विक्रेत्याकडून तीच तार घेतली होती आणि ते नळीसारखे मेकॅनिकल उपकरण वापरतात, ज्यात बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये बटणाखेरीज काहीच नसते. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते. ०.३१ ओहमवर त्यातून साडेतेरा अँपिअर ओढले जातात, ०.२२ ओहमवर तोच आकडा एकोणीसच्या घरात जातो. त्यांची बॅटरी सलग पंधरा अँपिअरसाठीच योग्य होती. नळीचे बटण बोटाला चटका बसण्याइतके तापले तेव्हा त्यांनी बॅटरी काढून ठेवली, आणि कॉइल मोजल्यावर आमच्या दोघांच्या तक्रारी एकच असल्याचे कळले. बॅटरीच्या वेष्टनावरही असेच फुगवलेले अँपिअर छापलेले असतात. दोन खोट्या चिठ्ठ्या एकाच नळीत भेटल्या तर काय होईल याची कल्पना करावी.

तिसऱ्या उत्तरात विक्रेता नरमला आणि बदली रीळ पाठवायला तयार झाला, मात्र आधी तक्रार मागे घ्यावी अशी अट घातली. अशी अट कोणीही मान्य करू नये, कारण तक्रार मागे घेतली की पैसे परत मिळवण्याचा मार्ग बहुधा बंद होतो. मी ती मानली नाही, तरीही रीळ आले. त्याच्या चिठ्ठीवर ‘२६ गेज’ या अक्षरांखाली ‘०.५ मिमी’ असे छापले होते, जे खरे तर २४ गेजचे माप आहे. एका नामांकित कंपनीचे चिन्ह वर होते, पण ज्या कंपनीचा धंदाच तारेचा आहे ती स्वतःच्या मालाची जाडी अशी चुकवील हे संभवत नाही. आतली तार पहिल्यासारखीच ०.४० मिलिमीटर, मीटरला पुन्हा ५.९ ओहम. लांबीतही हात मारलेला होता : या जाडीची दहा मीटर स्टीलची तार साधारण दहा ग्रॅम भरते आणि नायक्रोम असेल तर थोडी अधिकच, रिकामे रीळ वजा करून ही आठ ग्रॅमही भरली नाही.

विक्रीच्या पानावरची प्रशस्तीही मग नीट वाचली. निम्म्याहून अधिक अभिप्राय कापसाबद्दल आणि चिमट्यांबद्दल होते. जुन्या वस्तूचे पान तसेच ठेवून त्यावर नवी वस्तू चढवण्याची ही युक्ती आहे. तारेचा रोध मोजून लिहिणारा एकही ग्राहक तिथे नव्हता.

पैसे परत मिळाले ते विक्रेत्याकडून नव्हे, तर ज्या मार्गाने भरले होते त्या मार्गाने रीतसर आक्षेप नोंदवल्यावर. त्यासाठी उपयोगी पडली ती छायाचित्रे : मोजपट्टीवर ताणलेली तार आणि तिच्यासोबत एकाच चौकटीत मल्टिमीटरचा आकडा, मायक्रोमीटरचे वाचन, काट्यावरचे वजन आणि दोन्ही रिळांच्या चिठ्ठ्या. ‘कॉइल नीट लागत नाही’ एवढेच लिहिले असते तर बांधणाऱ्याचा दोष म्हणून प्रकरण मिटले असते. म्हणून नवे रीळ आले की पहिली कॉइल कापण्याआधीच मीटरभर तार मोजावी, कारण वापरलेल्या रिळाबद्दल कोणी ऐकून घेत नाही. मोजलेली तार तशीच गुंडाळून वापरता येते, त्यामुळे वाया काहीच जात नाही.

ते विक्रीचे पान आता दिसत नाही. दुसऱ्या नावाने उघडलेल्या एका पानावर मात्र त्याच रिळाचे छायाचित्र आहे आणि मोठे करून पाहिले तर ‘२६ गेज’ खाली ‘०.५ मिमी’ स्पष्ट वाचता येते.