उन्हाळी मिरवणुका आणि लग्नं : झूम-फ्लॅश की दोन प्राइम?

चैत्र लागला की सोलापुरात आम्हा फोटोवाल्यांना उसंत नसते. रामनवमी, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, अक्कलकोटला स्वामींची पुण्यतिथी, अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी येणारी बसवेश्वर जयंती, १ मेचं झेंडावंदन आणि या सगळ्यात लग्नसराई. त्याच्या महिना-दीड महिना आधी, नव्यानं स्वतंत्र काम सुरू करणारी मुलं मला एकच प्रश्न विचारतात. पैसे एकदाच जमलेत, तर २४-७० मिलिमीटरची एफ २.८ झूम लेन्स आणि एक चांगला फ्लॅश घेऊ, की ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या, एफ १.८ च्या दोन प्राइम (म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्स) आणि जोडीला एक वापरलेली बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा? (मिलिमीटरचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त.) खर्च थोड्याफार फरकानं सारखाच येतो. मी पहिली चार वर्षं झूमवर काढली आणि पुढची सहा प्राइमवर, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो.

झूमची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी अजिबात नाही. हुतात्मा स्मृती मंदिराच्या सभागृहात बक्षीस समारंभ चाललाय, पुढच्या रांगेत पाहुणे बसलेत, तुम्हाला मागे सरकायला जागा नाही आणि स्टेजवरून संयोजक म्हणतात, "अहो फोटोवाले, सगळ्यांचा एक घ्या." अशा वेळी मनगट फिरवलं की २४ मिळतो आणि काम होतं. लग्नातल्या आहेराच्या रांगेतही तेच. आधी आठ जणांचं कुटुंब, मग एकटी आजी, मग कॉलेजचा पंधरा जणांचा घोळका. तिथे झूमसारखं सुख नाही. शिवाय लेन्स बदलावी लागत नाही, म्हणून बॉडीत धूळ शिरत नाही. एप्रिलमधला दुपारचा वारा आणि त्यात उधळलेला गुलाल ज्यानं सेन्सरवर एकदा पाहिलाय, त्याला याचं मोल कळेल.

भर दुपारच्या कामाला फ्लॅशही लागतो, हे कबूल करायला हवं. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या थोडं वर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. साडेबाराच्या मुहूर्ताला कार्यालयाच्या दारात वरात आली की फेट्याखाली नवरदेवाचे डोळे दिसतच नाहीत, नुसते दोन काळे खड्डे. तिथे हलका फ्लॅश मारावाच लागतो. त्यासाठी एक छोटा फ्लॅश आजही माझ्या बॅगेत असतो.

पण माझा निर्णय दुपारनं नाही, रात्रीनं केला.

मिरवणुका संध्याकाळनंतर रंगात येतात. गल्लीत उजेड असतो तो मंडळाच्या हॅलोजनचा आणि दुकानांच्या पाट्यांचा. लेझीम खेळणाऱ्या मुलींचे हात स्थिर पकडायचे तर शटर निदान १/२५० सेकंद हवं. एफ २.८ वर तेवढ्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० आणि कधी त्याच्याही पुढे न्यावा लागतो आणि फोटो दाणेदार होतो. म्हणून झूमवाला फ्लॅश लावतोच, मीही लावत होतो. आता गल्लीला छत नाही, त्यामुळे उजेड वर मारून खाली आणायची सोय नाही. मांडवाला छत असतं, पण ते लाल-पिवळ्या कापडाचं. वर मारलेला उजेड ते निम्मा गिळतं आणि उरलेला रंगवून नवरीच्या तोंडावर टाकतं. राहतो समोरून, जवळजवळ पूर्ण ताकदीनं मारलेला फ्लॅश. आणि तो तापतो.

कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिका उघडून बघा, बहुतेकांत वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४० ही काही बातमी नसते. दुपारभर दुचाकीच्या डिकीत पडलेला फ्लॅश संध्याकाळी हातात घेतला तेव्हाच गरम लागतो. त्यातले सेलही गरम. रात्री नऊलासुद्धा डांबर खालून आच सोडत असतं. अशात पंधरा-वीस फोटो लागोपाठ काढले की आधी फ्लॅशचा दिवा परत पेटायला वेळ घेऊ लागतो, मग पडद्यावर तापमापीचं चिन्ह येतं आणि फ्लॅश स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो. त्यात बिघाड काहीच नसतो. आतली नळी आणि पुढचं प्लास्टिक जळू नये म्हणून केलेली ती सोय आहे. पण ती सोय नेमकी केव्हा कामाला लागेल, हे तुमच्या हातात नसतं.

माझ्या बाबतीत ती बसवेश्वर जयंतीच्या रात्री लागली. मिरवणूक एका अरुंद बोळातून चालली होती. एका घरातून ऐंशीच्या आसपासच्या आजी बाहेर आल्या. नातवानं त्यांना दंडाला धरलं होतं. त्यांनी रस्त्यावर पाणी शिंपडलं, ताटातला दिवा सावरत प्रतिमेला ओवाळलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी चार फुटांवर होतो. बटण दाबलं, फ्लॅश पेटला नाही. पुन्हा दाबलं, नाही. फ्लॅशच्या हिशेबानं कॅमेरा आयएसओ ४०० वर ठेवलेला, त्यामुळे फ्रेम काळी आली, मधोमध फक्त ज्योतीचा ठिपका. मी चाक फिरवून आयएसओ वर नेईपर्यंत मिरवणूक पुढे सरकली होती आणि नातू मला विचारत होता, "अण्णा, आजीचा आला ना फोटो?" मी त्याला खरं ते सांगितलं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

हाच फ्लॅश त्याआधी जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कुरकुर न करता चालला होता. थंडीतल्या कामावरून उन्हाळ्याचा अंदाज बांधला, ही माझी चूक. कदाचित तुमचा फ्लॅश माझ्यापेक्षा दणकट असेल, बाहेरून बॅटरी पॅक जोडला तर उजेड लवकर भरेलही. पण पॅकनं नळी थंड होत नाही. उलट फोटो भराभर निघतात आणि ती आणखी लवकर तापते.

पुढच्या हंगामाआधी झूम विकली. एफ २.८ वरून एफ १.८ वर आलं की सव्वा स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त उजेड मिळतो, म्हणजे जिथे ६४०० लागत होता तिथे २५०० पुरतो. कागदावर हा फरक लहान वाटतो. माझ्या कामात त्यानं रात्रीचा फ्लॅश जवळजवळ संपवला. दुसरा फायदा घेतल्यानंतर लक्षात आला. फ्लॅश उडाला की माणसं तुमच्याकडे बघतात. ढोल वाजवणारा पोरगा दात दाखवतो, ओवाळणारी बाई थबकते, लहान मुलं पोज देऊन उभी राहतात. फ्लॅश नसला की तुम्ही गर्दीत विरून जाता. ३५ घेऊन दोन पावलांवर उभं राहावं आणि कुणी वळूनही बघू नये, हे मला इतकं हवंसं वाटतं की बाकीच्या अडचणी मी पत्करल्या.

अडचणी आहेतच. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५, एफ १.८, दोन मीटर अंतर, इतक्यात फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट येणारा पट्टा, जेमतेम सहा सेंटिमीटर मिळते. नवरदेवाच्या मुंडावळ्या स्पष्ट आणि डोळे मऊ, असे फोटो पहिल्या वर्षी माझ्याकडे ढिगानं होते. आता दोन माणसं असली की मी एफ २.८ वर जातो, म्हणजे तेवढ्यापुरता फायदा सोडूनच देतो. स्टेजवरच्या एलईडींचाही त्रास आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद होतात आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे येतात. तिथे १/१०० वर उतरा, आणि बॉडीत फ्लिकर टाळायची सोय असेल तर ती चालू करा. फ्लॅशवाल्याला हा त्रास बराच कमी होतो. दोन बॉडींचं ओझं खांद्यावर येतं, तेही घामानं पट्टा सरकत असताना. आणि एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं निघण्याआधी सेकंदापर्यंत जुळवा. नाहीतर अल्बम लावताना अक्षता आधी पडतात आणि अंतरपाट नंतर धरला जातो, आणि हजार फोटो हातानं लावत बसावे लागतात.

तुमचं बहुतेक काम स्टेजचं असेल, म्हणजे सत्कार, स्नेहसंमेलन, स्वागत समारंभ, तर झूम घ्या. मी अडवणार नाही. वातानुकूलित कार्यालयात फ्लॅशही सहसा इतका त्रास देत नाही. पण मिरवणुका, जत्रा, हळदी, रात्रीच्या वराती, म्हणजे माणूस रस्त्यावर आणि तुम्ही त्याच्या शेजारी, असं काम जास्त असेल तर माझं मन प्राइमकडे झुकतं. दोन्ही एकदम जमत नसतील तर ३५ आधी घ्या. बोळात ८५ ला जागाच मिळत नाही. दुसरी बॉडी वापरलेली घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचाराच, पण त्याआधी लेन्स काढून आतल्या रबराच्या कडा बोटानं पुसून बघा. बोटाला गुलाबी रंग लागला तर ती आमच्यासारख्याच कुणाच्या हातून आलेली असते.

पुढची बसवेश्वर जयंती मी फक्त ३५ वर केली. त्याच बोळात मिरवणूक आली तेव्हा आजी उंबऱ्यात खुर्चीवर बसलेल्या होत्या आणि ओवाळत होती नातसून. फोटोत उजेड आहे तो ताटातल्या दिव्याचा आणि समोरच्या पिठाच्या गिरणीतल्या ट्यूबलाइटचा. आठवड्यानं प्रिंट घेऊन गेलो, तर नातवानं आजींच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. तो हात जोडायला अर्धा उठलेला होता. काढताना मला तो दिसलाच नव्हता.