आफ्रिकेचा भिंतीवरचा नकाशा: छपाई झकास, साल चुकलेलं

बारावीचे वर्ग आणि गावोगावच्या अभ्यासिकांसाठी तालुक्याच्या पुस्तक-दुकानांत मिळणारा, युरोपीय देशांनी आफ्रिका कशी वाटून घेतली ते दाखवणारा हा मराठी नकाशा घ्यायला हरकत नाही, पण टांगण्याआधी दुरुस्त करावा लागतो.

कागद जाड आहे, लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी. नावं मागच्या बाकावरून वाचता येतात. काँगो, नायजर, झांबेझी या नद्या ठळक दाखवल्यात, हे उत्तम.

घोळ मथळ्यातच आहे. वर '1885 ची वाटणी' लिहिलंय आणि खाली लिबिया इटलीकडे, मोरोक्को फ्रान्सकडे. लिबियावर इटलीनं हल्ला केला 1911 मध्ये, मोरोक्को फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला 1912 मध्ये. म्हणजे नकाशा 1914 चा. आफ्रिकेवरून युरोपीय देशांनी भरवलेल्या बर्लिन परिषदेत (नोव्हेंबर 1884 ते फेब्रुवारी 1885) खंडाचे तुकडे पाडून वाटले नव्हते. किनाऱ्यावर नवा हक्क सांगायचा तर प्रत्यक्ष अंमल दाखवा, असा नियम ठरला आणि खरी झोंबाझोंबी त्यानंतर लागली. पोरं पेपरात 'बर्लिनला वाटणी झाली' असं ठोकून देतात, ते अशाच मथळ्यांमुळे.

1885 खोडून 1914 केलं की काँगोवरचं 'बेल्जियम'ही बरोबर ठरतं. शेजारी '1908 पर्यंत राजा लिओपोल्डची खासगी मालकी' एवढं लिहावं. इथिओपिया मात्र इटलीच्या हिरव्यात रंगवलाय, तो ना 1885 ला बसतो, ना 1914 ला; इटलीचा ताबा आला तो 1936 ते 1941 एवढाच. 1 मार्च 1896 ला अडवाच्या लढाईत इथिओपियाचा सम्राट मेनेलिकनं इटलीचा पुरता पराभव केला होता. तिथं पांढरं स्टिकर चिकटवून परमनंट मार्करनं लिहा, गडद हिरव्यावर काळी शाई दिसत नाही.

कोपऱ्यातली 'सामाजिक बदल' चौकट अगदीच पातळ. मिशनरी, शाळा, रेल्वे, संपलं. करांचा उल्लेखच नाही! राहत्या झोपडीवरची पट्टी (कर) रोखीत मागितली की शेतकऱ्याला खाणीवर किंवा मळ्यावर मजुरीला जावंच लागे. त्या पट्टीवरूनच 1898 मध्ये सिएरा लिओनमध्ये उठाव झाला. केप वसाहतीच्या (आजच्या दक्षिण आफ्रिकेतली ब्रिटिश वसाहत) 1894 च्या ग्लेन ग्रे कायद्यात तर बाहेर मजुरीला न जाणाऱ्या पुरुषावर वर्षाला 10 शिलिंग कर होता.

वऱ्हाडात शिकवताना इजिप्तपासून सुरुवात करावी. अमेरिकेतल्या यादवीमुळे (1861–65) कापसाला जी तेजी आली, ती इथल्यासारखीच नाइलकाठीही आली. मग भाव पडले, खेदिव (इजिप्तचा राज्यकर्ता) इस्माईलचं कर्ज फुगत गेलं, 1876 मध्ये दिवाळं निघालं आणि 1882 मध्ये इंग्रज फौज उतरली. पडलेला भाव आणि डोक्यावरचं कर्ज हे यवतमाळच्या पोरांना वेगळं समजवावं लागत नाही. नकाशात यातलं फक्त 'सुएझ 1869' आहे.

टिनाच्या खोलीत पत्र्यालगत टांगू नका. मे महिन्यात लॅमिनेशनला फुगे येतात. गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे टांगल्यावर कडा भिंतीकडे वळतात. वरची पट्टी नुसती चिकटवलेली आहे, आधी दोन रिबिट मारून घ्या.