पोटरीतला दाब मोजणारं स्ट्रायकरचं यंत्र

फुटबॉल किंवा कबड्डीत नडगी मोडलेला खेळाडू. पोटरी दगडासारखी टणक, वेदनाशामक देऊनही कळा वाढत्या, अंगठा हलकेच खाली वाकवला तरी किंकाळी. एवढं दिसलं की तो कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा घटणं; हे यंत्र कपाटातच राहू द्या आणि ऑपरेशन थिएटरला फोन करा. त्याचा खरा उपयोग बेशुद्ध रुग्णात, मणक्यात भूल दिलेल्या पायात, नाहीतर लक्षणं अर्धवट असताना. पायाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये, ती बराच उशिरापर्यंत लागते.

यंत्र हातात मावतं. सोबतच्या संचात बाजूला छिद्र असलेली सुई, मधली चकती आणि ३ मिलीची भरलेली सलाइन सिरिंज येते. जोडणी सोपी, चुका होतात त्या झिरो करताना, म्हणजे आकडा शून्यावर आणताना. सुई ज्या कोनात टोचायची त्याच कोनात धरून झिरो करा. नंतर कोन बदलला की आकडा बिघडला. टोचल्यावर ०.३ मिलीपेक्षा कमी सलाइन सावकाश सोडा आणि आकडा स्थिरावू द्या. प्रत्येक नव्या टोचणीआधी पुन्हा झिरो. गुडघ्याखाली स्नायूंचे कप्पे चार. पुढचा एकच मोजून थांबलात तर मागच्या खोल कप्प्यातला दाब निसटतो. मोजणी फ्रॅक्चरपासून ५ सेंमीच्या आत घ्यावी, दाब तिथेच सर्वाधिक असतो.

नुसता आकडा पाहू नका. डायस्टॉलिक (रक्तदाबाचा खालचा आकडा) ७० आणि कप्प्यात ४५ असेल तर फरक २५; ३० किंवा कमी म्हणजे धोका. भुलीखाली डायस्टॉलिक उतरतो, म्हणून तिथे भुलीआधीचा धरावा. काठावरच्या आकड्यावर निकाल देऊ नये, थोड्या वेळाने पुन्हा मोजावं.

तोवर प्लास्टर आणि आतला कापूस कातडीपर्यंत कापून काढा, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा. उशीवर चढवला तर रक्तपुरवठा आणखी घटतो. फॅशिओटॉमीत, म्हणजे कप्प्यांचं आवरण कापण्याच्या शस्त्रक्रियेत, दोन लांब छेदांतून चारही कप्पे मोकळे करायचे, जखम उघडी ठेवायची आणि साधारण ४८ तासांनी पुन्हा पाहायची. स्नायू सुमारे सहा तासांत कायमचा मरू लागतो, त्यामुळे यंत्र शोधण्यात वेळ घालवणं महागात पडतं.

अशा केसेस क्वचित येणाऱ्या रुग्णालयाने हे घ्यावंच असं नाही. संच एकदाच वापरायचा असतो आणि कपाटात पडून मुदत संपते. आयसीयूतला आर्टेरिअल लाइनचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे धमनीतला रक्तदाब मोजणारं उपकरण, तेही चालतं. मात्र त्याला साधी सुई लावू नका, आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो.