फाउंटनचे पुस्तकवाले काका आणि जनरल ग्रँटचा दुसरा भाग

बाबांसाठी युलिसिस ग्रँटचं, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या जनरलचं, आत्मचरित्र हवं होतं. बाबा फौजेतून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून रात्री जेवणं झाली की मी वाचते आणि मराठीत सांगत जाते. आधी ऑनलाइन मागवलं, फोटोत दोन्ही भाग आणि घरी आला फक्त पहिला, कस्टमर केअरला तीन आठवडे फोन करून शेवटी अर्धे पैसे परत मिळाले पण पुस्तक काही मिळालं नाही. पहिला भाग 1863 च्या व्हिक्सबर्गच्या विजयापाशी संपतो, म्हणजे दक्षिणेचा सेनापती ली याची शरणागती सगळी दुसऱ्यात, आणि बाबा रोज विचारायचे "पुढचं कधी गं?"

मग ऑफिस सुटल्यावर मुंबईत फ्लोरा फाउंटनला गेले. चर्चगेटच्या बाजूला जाताना जे फुटपाथवरचे पुस्तकवाले आहेत त्यातल्या एका काकांना नाव सांगितलं, त्यांनी नंबर घेतला आणि नवव्या दिवशी फोन, "ताई, दुसराच भाग हवा ना? आलाय." गेले तर त्यांनी आधी पैशांचं काढलंच नाही, शिवण कुठे सुटलीये ते अंगठ्याने दाबून दाखवलं, मागची सूची उघडून पानं पूर्ण आहेत का बघायला लावलं आणि शिवणीसाठी स्वतःहून पन्नास कमी केले. 350 ला दिलं, जुन्या पेपरात गुंडाळून सुतळी बांधून. असं कोण करतं आता!

पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. ग्रँटने 1854 ला फौज सोडली, सेंट लुईसला सरपण विकलं, बापाच्या चामड्याच्या दुकानात काम केलं, आणि 1864 ला हाच माणूस अख्ख्या सैन्याचा प्रमुख, 1869 ते 1877 अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. 1884 मध्ये पार्टनरने बुडवलं, घशाचा कॅन्सर झाला, बायकोमुलांसाठी चार पैसे मागे राहावेत म्हणून मरत मरत लिहिलंय हे, 23 जुलै 1885 ला गेला, लिखाण संपून जेमतेम काही दिवस झाले होते. राजकारण मात्र यात जवळजवळ नाहीच, ते वाचायचं असेल तर दुसरं चरित्र बघा. मुंबईही नाही, 1879 च्या फेब्रुवारीत तो जगप्रवासात इथे येऊन गेला होता तरी. (ग्रँट रोड याच्या नावाचा नाही हं, तो आपला गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट.)

ॲपोमॅटॉक्सचं, म्हणजे जिथे ली शरण आला त्या गावाचं, प्रकरण आम्ही दोनदा वाचलं. 9 एप्रिल 1865, ली शरण आलाय, आणि ग्रँट म्हणतो लीच्या शिपायांतले बरेच जण छोटे शेतकरी असणार, घोडा नसेल तर पीक कसं घेतील, म्हणून ज्याचा घोडा त्याने घरी न्यावा. वर त्या उपाशी माणसांना पंचवीस हजार जणांचं रेशन, आणि आपल्या लोकांनी आनंदाने तोफा डागायला घेतल्या तर त्याही बंद करायला लावल्या. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "नांगरणीचं ध्यान ठेवलं त्याने, मोठा माणूस."

काकांकडे जायचं तर संध्याकाळी सहाच्या आत जा, पाऊस असेल तर ताडपत्रीखाली काही नीट बघता येत नाही. जीपे चालतं. हवं ते पुस्तक नसेल तर वहीत नाव लिहून या, ते खरंच शोधतात. मी आता लिंकनचं लिहून आलेय.